काळा पडदा आणि मेथीची जुडी

किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. प्लास्टिकच्या डब्यांसारखे. आज श्रीखंडाचा, उद्या मिठाईचा, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर! बोलक्या माणसांचं बरं असतं, त्यांचे किस्से रोजच्या रोज खर्च होतात. मी पडले कमी बोलणारी. त्यात नवीन लग्न झालेलं, म्हणजे सासरी अजूनच कमी. माझं कपाट गच्च भरलंय.

माझं माहेर ठाण्याचं, खोपटचं. लग्न होऊन डोंबिवलीत आले आणि स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. खाली मेडिकल, वर आम्ही. दुपारची बॅच मोठ्या माणसांची. गृहिणी, रिटायर्ड मंडळी, नोकरीत सर्टिफिकेट हवं असलेले.

आमच्या क्लासची मशिन्स वागळे इस्टेटमधलं एक ऑफिस बंद झालं तिथून उचललेली. त्या ऑफिसची जुनी सिस्टिम मशीनवर तशीच राहिली आणि आमची परीक्षेची सिस्टिम तिच्या शेजारी बसवली गेली. एका घरात दोन बिऱ्हाडं! त्यामुळे मशीन चालू केलं की आधी काळा पडदा येतो. त्यावर दोन ओळी. पहिली ओळ जुन्या ऑफिसची, दुसरी आपली. खाली दहापासून उलटे आकडे सुरू होतात. तेवढ्यात खालच्या बाणाचं बटण आणि मग एंटर दाबून दुसरी ओळ निवडली तर ठीक. नाही निवडली तर मशीन आपल्या मनाने पहिल्या ओळीत जातं, आणि मग सगळं बंद करून पुन्हा पहिल्यापासून.

मी आल्या आल्या क्लास चालवणाऱ्या सरांना म्हटलं, "सर, ओळींची अदलाबदल करता येते. मी करू का?"

सर एकदम उभे राहिले. "मॅडम, चालतंय ना? मग हात लावायचा नाही!"

मागे कोणीतरी हात लावला होता म्हणे, आणि आठवडाभर क्लास बंद ठेवावा लागला होता. तेव्हापासून काळ्या पडद्याला आमच्या क्लासमध्ये देवघरासारखा मान आहे.

*

नव्या बॅचचा पहिला दिवस. सगळ्यांनी एकदम मशीन चालू केलं. काळा पडदा. दहा... नऊ... आठ...

पुढच्या रांगेत शिंदेकाकू होत्या. घरगुती मसाल्यांचा व्यवसाय, आवाज खणखणीत. त्यांनी आकडे उतरताना पाहिले आणि ताडकन उठल्या.

"सगळ्याजणी मागे व्हा! पर्स घ्या! कोणीही बटणाला हात लावू नका!"

आणि धडाधड खिडक्या उघडल्या. पाच सेकंदांत अख्खी बॅच जिन्यात. वर्गात मी एकटी, आणि माझ्यासमोर शांतपणे शून्यावर आलेले सगळे कॉम्प्युटर.

नंतर कळलं की काकूंच्या सोसायटीत गॅस एजन्सीवाल्यांचं शिबिर झालं होतं, गळती झाली तर काय करायचं त्याचं. काकूंना त्यात पहिलं बक्षीस होतं!

*

त्याच बॅचमध्ये सुनंदाताई. कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत राहतात, तिथल्याच एका शाळेत शिपाई. पाणी भरायचं, नोटीस फिरवायची आणि घंटा द्यायची. शाळेच्या ऑफिसातल्या क्लार्कबाई दिवाळीत रिटायर होणार होत्या. मुख्याध्यापिकांनी सुनंदाताईंना सांगितलेलं, "कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट आणा, ती खुर्ची तुमची."

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "ताई, भीती वाटते का?"

"भीती कशाची मॅडम? ती खुर्ची मी रोज पुसते. एकदा बसायचंय."

हुशार बाई. टायपिंग भराभर शिकल्या, तक्ते शिकल्या. घोडं अडलं ते काळ्या पडद्यावर. बोट बाणाच्या बटणावर ठेवायच्या, डोळे आकड्यांवर. तीन... दोन... एक... शून्य. आणि मग टक्! तोवर मशीन पहिल्या ओळीत निघून गेलेलं.

"ताई, पडदा दिसला की लगेच दाबा."

"लगेच? अहो, वेळ तर शिल्लक आहे की!"

"पण शून्यावर दाबलं की उशीर होतो."

"मॅडम, मिनिटकाटा बारावर टेकल्याशिवाय मी कधी हात उचलला नाही. घंटा आधी दिली की पोरं वर्गाबाहेर!"

सरांनी तडजोड सुचवली. निदान पाचवर तरी दाबा. ताईंनी मान डोलावली, पाचवर बोट उचललं, आणि पुन्हा शून्याची वाट बघत बसल्या. सरांकडे अपराधी चेहऱ्याने बघून म्हणाल्या, "हातच जात नाही हो सर. मधल्या सुट्टीला पुऱ्या सुट्टीची घंटा दिल्यासारखं वाटतं."

*

आमची मशिन्स म्हातारी. ओळ निवडली तरी पुढे काम सुरू व्हायला बराच वेळ जातो. पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत राहतं. सुरुवातीला बायका त्या गोलाकडे टक लावून बसायच्या. मग एक दिवस शिंदेकाकूंनी पिशवीतून मेथी काढली.

दुसऱ्या दिवशी कोणाची पालेभाजी, कोणाचे मटार, कोणाचा लसूण. आठवड्याभरात दुपारच्या बॅचने मशीनच्या वेगाचं स्वतःचं माप ठरवलं. दाराजवळचं मशीन म्हणजे मेथीची एक जुडी. खिडकीजवळचं म्हणजे अर्धा किलो मटार. आणि कोपऱ्यातलं सुरू होईपर्यंत भिजवलेले वाल सोलून व्हायचे! त्यामुळे घरी रात्री काय भाजी आहे, त्यावर कोण कुठे बसणार ते ठरायचं.

सरांना हे काही बरं दिसेना. क्लासमध्ये शिरलं की मंडईचा वास. शेवटी मनावर घेऊन त्यांनी खर्च केला आणि दाराजवळच्या मशीनमध्ये नवी डिस्क बसवून घेतली. मशीन आता चुटकीसरशी सुरू व्हायला लागलं. सर खूश. कौतुकाची वाट बघत दारातच उभे.

शिंदेकाकू येऊन बसल्या. बटण दाबलं, ओळ निवडली, पिशवीत हात घातला आणि वर बघतात तर मशीन तयार!

"सर, माझी जागा बदला."

"का हो काकू? किती फास्ट केलंय बघा!"

"काय करायचंय फास्ट? यात कोथिंबीरसुद्धा निवडून होत नाही!"

*

आता म्हात्रेकाका. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, सगळी नोकरी खोपट डेपोत. मूळ डोंबिवलीजवळच्या गावातले आगरी. मी खोपटची म्हटल्यावर पहिल्याच दिवशी मला मुलगी मानून मोकळे झाले.

कोपऱ्यातल्या मशीनची आतली बॅटरी मेलेली. त्यामुळे चालू केलं की काळ्या पडद्याच्याही आधी ते एक सूचना देतं: तारीख-वेळ चुकलीय, पुढे जाण्यासाठी कोणतंही बटण दाबा.

काकांनी हाक मारली. "पोरी, इकरं ये गो जरा. हे सांगतंय, कंचंबी बटन दाबा. कंचं दाबू?"

"कोणतंही दाबा काका."

"असं नाय चालत. ऑर्डर म्हंजे ऑर्डर असली पायजे. उद्या काय झालं तं सायेब इचारतील, म्हात्रे, हेच बटन का दाबलं? काय सांगू?"

"काही होत नाही काका."

"तूच दाब मग."

मी दाबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक. तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी मी कागदावर लिहून दिलं, "म्हात्रेकाकांनी एम दाबावे," आणि खाली सही केली. काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला. त्यानंतर कधी हाक आली नाही!

पण खरी गंमत पुढे. बॅटरी मेल्यामुळे त्या मशीनवर कितीतरी वर्षांपूर्वीची तारीख दिसायची. एकदा सर नवी बॅटरी घेऊन आले, तर काका मशीनसमोरून उठायलाच तयार नाहीत.

"र्‍हाव दे सर. बरं चाललंय."

"अहो काका, तारीख चुकीची दाखवतंय ते!"

"तेच तं. याच्यावर बसलो की मी अजून ड्युटीवर!"

सरांनी बॅटरी परत खिशात घातली.

*

क्लासमध्ये दिवसभर एवढं बघून घरी जावं, तर घरीही तेच.

सासूबाई माणूस म्हणून फार चांगल्या. फक्त वेगवान. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी त्यांनी विचारलं, "पोहे की उपमा?"

मला उपमा आवडतो. पण नवीन घर, नवीन माणसं. एकदम कसं सांगायचं? त्यांना सोपं काय पडेल? मी विचार करत होते. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, थोडं थांबल्या, आणि म्हणाल्या, "बरं, पोहे."

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. महिनाभर मी पोहे खाल्ले. सासूबाई शेजारी कौतुकाने सांगायच्या, "सुनेला पोहे फार आवडतात."

सुनंदाताईंना हा किस्सा सांगितला तेव्हा त्या पोट धरून हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "मॅडम, तुम्हीपण शून्याची वाट बघता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंचं "पोहे की" एवढंच झालं होतं, मी म्हटलं, "उपमा!"

सासूबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. नवरा पेपरामागून म्हणाला, "आई, सून बोलायला लागली. आता तुझं काही खरं नाही!"

*

डोंबिवलीत शुक्रवारी लाइट जाते. आम्हाला सवय आहे, मशिन्सना नाही. मधेच वीज गेली की पुढच्या वेळी चालू होताना मशीन म्हणतं, माझी डिस्क तपासायची आहे, नको असेल तर बटण दाबा. तपासणी सुरू झाली की तास तरी जातो, म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवलेलं, हे दिसलं की बटण दाबून टाकायचं.

एका शुक्रवारी सगळ्यांची कामं सुरू झाली, शिंदेकाकूंच्या मशीनवर मात्र तपासणी चालू.

"काकू, बटण नाही दाबलंत?"

"का दाबू? तपासू दे की. लपवायला काय आहे माझ्याकडे?"

शेजारून म्हात्रेकाकांनी दुजोरा दिला. "बरोबर हाय त्यांचं. चेकिंगवाले गारीत चरले की गारी हलवायची नसते."

तासभर काकू ताठ मानेने बसून राहिल्या. त्या दिवशी भाजीही काढली नाही. तपासणी संपली, एकही चूक निघाली नाही असं पडद्यावर आलं, तेव्हा त्यांनी खुर्ची वळवून सगळ्या वर्गाला तो पडदा दाखवला!

*

परीक्षा दिवाळीच्या आधी. ती दुसऱ्या ओळीतल्या सिस्टिमवर, आणि तिचं लॉगिन थोडाच वेळ उघडं राहणार. पहिल्या ओळीत गेलात, मशीन बंद करून परत लावलंत, तर आमच्या मशीनच्या वेगाने लॉगिन बंद होण्याची भीती. मग पुढची परीक्षा थेट उन्हाळ्यात. तोवर शाळेतली खुर्ची कोणा दुसऱ्याची झालेली असणार.

सराव परीक्षेत सुनंदाताई नेमक्या तशाच अडकल्या. शून्यावर टक्, आणि बाहेर. घरी जाताना जिन्यात म्हणाल्या, "सगळं येतंय मॅडम. दार तेवढं उघडता येत नाही."

परीक्षेच्या दिवशी बाहेरून सुपरवायझर आले. तरुण, कडक इस्त्री, गळ्यात ओळखपत्र. आम्हा शिक्षकांना त्यांनी काचेच्या दाराबाहेर काढलं. मग घोषणा केली, "सर्वांनी मशीन चालू करा. आणि मी सांगेपर्यंत कीबोर्डला कोणीही हात लावायचा नाही!"

आणि खिशातून कागद काढून सूचना वाचायला लागले.

काळा पडदा आला. दहा.

पडद्यांची पाठ सुपरवायझरकडे, तोंडं विद्यार्थ्यांकडे. नऊ. म्हात्रेकाका हाताची घडी घालून, ऑर्डर म्हणजे ऑर्डर. आठ. शिंदेकाकूंनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी खुणा करायला लागले तर सुपरवायझरने माझ्याकडे असं पाहिलं, की मी केस सारखे केले. सात. शेजारी सर पुटपुटले, "मॅडम, काहीतरी करा," आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी सुनंदाताईंकडे बघत होते. जन्मात वेळेआधी हात न उचललेली बाई. त्यात साहेबांचा हुकूम. सहा. त्यांनी आकड्याकडे पाहिलं. पाच. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब सूचना क्रमांक दोनवर होते. चार.

टक्.

मग अजून एकदा, एंटरचं. टक्.

त्या शांततेत तो आवाज घंटेएवढा मोठा वाटला. सुपरवायझर गर्रकन वळले. "ताई! मी सांगितलं होतं का?"

सुनंदाताई शाळेच्या सवयीने उभ्या राहिल्या. "नाही सर."

"मग?"

"तुम्ही सांगेपर्यंत मी थांबले असते, सर. हे थांबत नव्हतं."

सुपरवायझरने बाकीच्या पडद्यांकडे पाहिलं. कोपऱ्यातलं तारखेच्या सूचनेवर अडलेलं, बाकी एकूण एक मशीन जुन्या ऑफिसात पोचलेलं! एकट्या सुनंदाताईंसमोर परीक्षेचं पान.

माणूस तसा बरा निघाला. कागद खिशात घातला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही सुरू करा. बाकीच्यांनी परत लावा. आणि दिसलं की लगेच दाबा!"

धावपळ झाली, पण लॉगिन बंद व्हायच्या आत सगळे पोचले. म्हात्रेकाकांचं तेवढं अडलं. कोपऱ्यातल्या मशीनच्या तारखेप्रमाणे परीक्षेला अजून बरीच वर्षं होती! त्यांना दुसरीकडे बसवावं लागलं. काकांनी जड मनाने ड्युटी सोडली.

सगळे पास झाले. सुनंदाताईंनी पेढे आणले, सरांनी काळ्या पडद्यालाही एक दाखवला.

*

दिवाळीची सुट्टी संपली. मी सकाळी उपमा परतत होते आणि फोन वाजला. सुनंदाताई.

"मॅडम, कामात आहात?"

"बोला ताई! बसलात का खुर्चीवर?"

"बसले. मोठ्या बाईंनी हाताला धरून बसवलं. माझी मुलगी आलेली, फोटो काढून गेली." आवाज मात्र पडलेला.

"मग काय झालं?"

"मॅडम, इथलं मशीन खराब आहे. नवीन आणलंय, पण खराब आलंय."

"काय करतंय?"

"काहीच करत नाही! बटण दाबलं की डायरेक्ट सुरू! काळा पडदा नाही, ओळी नाहीत, मोजणं नाही. मी आपली बाणावर बोट ठेवून तयार. मला वाटलं माझंच लक्ष नव्हतं. बंद केलं, परत लावलं. परत तसंच!"

"अहो ताई, नवीन मशीन आहे. खराब नाही झालेलं. ते असंच असतं."

पलीकडे पोरांचा गलका, कोणाच्या तरी चपलांचा आवाज. मग त्यांनी फोन तोंडाजवळ धरला असावा, कारण एकदम हळू बोलल्या.

"असं कसं मॅडम? खुर्चीवर मी बसलेय, आणि हे मला काही विचारतच नाही!"